फुलाला सुई न लावता



मागच्या ज्ञानपंचमीला आमच्या पाठशाळेतल्या मुलांना प्रभावना म्हणून ज्या वह्या दिल्या, त्यांच्याबद्दल बऱ्याच मैत्रिणींनी विचारलं. कुठून मागवल्या, छापून कोणी दिल्या, एक वही कितीला पडली. त्या घरी केल्या आहेत. मुखपृष्ठावरची फुलं आपल्या कर्जत-खालापूरचीच, पावसाळ्यात रस्त्याकडेला उगवणारी. लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून, शाई लावून, हाताने घासून छापलेली. याला लिनोकट म्हणतात. कृती सांगतेच, पण नुसती कृती सांगितली तर अर्धं राहील. आमच्या घरात एखादी वस्तू करायची म्हटली की आधी प्रश्न येतात, आणि या वहीचा आकार, कागद, शिवण, सगळं त्या प्रश्नांतूनच ठरलं.

पहिला प्रश्न माझाच होता, मुखपृष्ठावर काय असावं. पाठशाळेला मिळणाऱ्या वह्यांवर नेहमी भगवंतांचा फोटो असतो, नाहीतर नवकार. छापणाऱ्याचा भाव चांगलाच असतो. पण वही भरली की ती रद्दीत जाते, रद्दीतून वाण्याकडे, आणि तिथून कशाची पुडी होऊन येईल काही नेम नाही. लग्नपत्रिकांचंही तेच. देवाचा फोटो असलेली पत्रिका टाकवत नाही आणि ठेवून तरी किती ठेवणार? आपण पान उलटताना बोटाला थुंकी लावत नाही, लिहिलेल्या कागदाला पाय लागला तर डोक्याला लावतो, आणि त्याच घरातून नवकार छापलेली वही किलोच्या भावाने जाते. म्हणून ठरवलं की या वह्यांवर एकही अक्षर नको, भगवंतांचं चित्र नको. मग फूल सुचलं.

किती करायच्या हे ठरवायला वेळ लागला नाही. ज्ञानपंचमीला आपण 51 लोगस्सचा काउसग्ग करतो, 51 खमासमणं देतो, 51 साथिये काढतो, कारण ज्ञानाचे भेद 51. मतीचे 28, श्रुताचे 14, अवधीचे 6, मनःपर्यवाचे 2 आणि केवलज्ञान एकच. तेव्हा वह्या 51. मला गंमत वाटली ती या आकड्यांच्या उतरणीची. ठसे छापणारे लोकही प्रत्येक ठशाच्या किती प्रती काढायच्या हे आधी ठरवतात आणि त्यावर थांबतात. माझा हिशेब आयताच झाला: एका फुलाच्या 28, दुसऱ्याच्या 14, तिसऱ्याच्या 6, चौथ्याच्या 2. शेवटच्या एकीचं काय करायचं ते तेव्हा ठरलं नव्हतं.

दुसरा प्रश्न सासूबाईंचा. देवाला फूल वाहताना आमच्याकडे फुलाला सुई लावत नाहीत. हार करायचा तर दोऱ्याच्या गाठीत फूल अडकवायचं, ओवायचं नाही. पाकळी तोडायची नाही. कळी खुडायची नाही. सासूबाई तर झाडाखाली कापड अंथरून आपसूक पडलेली फुलंच घेतात. त्यांनी माझ्या हातातली कोरायची हत्यारं पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, फुलाला आपण सुई लावत नाही, आणि तू सुरी चालवणार?"

मी म्हटलं, आई, हे खरं फूल कुठे आहे, चित्र आहे.

त्यावर त्यांनी यशोधर राजाची आठवण करून दिली. ही कथा आपल्याकडे फार जुनी. हरिभद्रसूरींनी सांगितलेली, आणि पुढे सोमदेवसूरींनी इ. स. 959 मध्ये पुऱ्या केलेल्या यशस्तिलकात विस्ताराने आलेली. राजाला बळी द्यायचा नव्हता. आईच्या आग्रहाखातर त्याने जिवंत कोंबड्याऐवजी पिठाचा कोंबडा कापला. जीव गेला नाही, तरी कापण्याचा भाव झालाच. त्या एका भावापायी मायलेक पुढच्या जन्मी मोर आणि कुत्रा झाले आणि मग जन्मामागून जन्म तिर्यंचात फिरत राहिले. म्हणूनच आमच्या घरात मुलांना प्राण्यांच्या आकाराची बिस्किटं देत नाहीत, साखरेचे हत्ती-घोडे देत नाहीत. मग चित्रातलं फूल कापायला सूट कशी?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा आमच्या गावात साध्वीजींचा चातुर्मास होता. दुपारी उपाश्रयात जाऊन विचारलं. त्यांनी मलाच विचारलं, "कोरताना मनात काय असतं?" मी खरं ते सांगितलं, की कोरताना फुलाचा विचारच नसतो, डाव्या हाताचा अंगठा वाचवण्यातच सगळा जीव असतो. त्या हसल्या. म्हणाल्या, मग आधी अंगठ्याची जयणा करा, आणि कापताना जे मनात येईल ते पाहत राहा.

उत्तर मिळालं ते लिनोच्याच कामात. ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. लिनोच्या सपाट पत्र्यावर शाईचा रोळ फिरवला की जो भाग वर आहे त्याला शाई लागते. कोरून खोल केलेला भाग कोराच राहतो. कागद वर ठेवून घासला की वरचा भाग छापला जातो. म्हणजे जे कापलं ते पांढरं, जे ठेवलं ते काळं. आता फूल दोन तऱ्हांनी काढता येतं. एक, फुलाच्या रेघाच कोरायच्या. मग काळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघांचं फूल उमटतं. हे पटकन होतं, आणि शिकणाऱ्याला सगळे आधी हेच शिकवतात. दुसरी तऱ्हा म्हणजे फुलाच्या रेघा राखायच्या आणि त्यांच्या अवतीभवतीचं सगळं काढून टाकायचं. पाकळीच्या रेघेला पातं लागू द्यायचं नाही, रेघेच्या अलीकडे थांबायचं, पलीकडून पुन्हा सुरू करायचं. मग पांढऱ्या कागदावर काळ्या रेघेचं फूल येतं. एका तेरड्याला माझ्या चार दुपारी गेल्या.

मी दुसरी तऱ्हा घेतली. सासूबाईंना शेजारी बसवून दाखवलं की सुरी कुठून कुठे जाते. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं. फुलाला लागत तर नाही." परवानगी दिली असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही तसं म्हणत नाही. पण माझ्या ठशांतल्या रेघा जाड का आहेत असं एका मैत्रिणीने विचारलं होतं, त्याचं कारण हे. रेघेला धक्का लावायचा नाही म्हटल्यावर ती जाडच राहते.

आता फुलांबद्दल. चातुर्मासात आपण हिरवळीवर पाय देत नाही, शेवाळावर तर नाहीच, ते अनंतकाय. रानात शिरून, गवत तुडवत फुलं शोधणं माझ्या वाट्याला नव्हतं. सोनकीसाठी लोक डोंगर चढतात, मला ते जमणारं नाही. मग जी फुलं डांबरी रस्त्यावरून किंवा फलाटावरून दिसतील तीच माझी. मला वाटलं होतं यादी फार छोटी होईल. तसं झालं नाही. कर्जत-खोपोली लोकलने माहेरी जाताना पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी चारच स्टेशनं मध्ये लागतात, पण फलाट संपला की लगेच भातशेती सुरू होते आणि बांधावर कुर्डूचे तुरे उभे असतात. गाडी सुटली तर पुढची यायला वेळ लागतो, तेवढ्यात एक रेखाटन होतं. कोंडिवड्याच्या रस्त्याला, डोंगर कापून रस्ता काढलाय तिथल्या ओल्या दरडीवर तेरडाच तेरडा. कवल्याची पिवळी फुलं बांधाच्या कडेला, अगदी खाली, वाकून पाहावी लागतात. आणि कळलावी. ती मला दोनच ठिकाणी दिसली, दोन्हीकडे कुंपणाच्या करवंदीवर चढलेली.

त्यावरून वाटणी झाली. जे फूल सगळीकडे आहे त्याच्या प्रती जास्त. तेरडा 28, कुर्डू 14, कवला 6, कळलावी 2.

खुडून घरी आणून, पाण्यात ठेवून सावकाश काढणं सोपं पडलं असतं हे खरं. खुडायचं नाही म्हटल्यावर तीन-तीनदा जावं लागलं. पण त्यामुळे एक झालं. खुडलेलं फूल एकाच अवस्थेत असतं. तीनदा गेल्यावर तेरड्याच्या फुलामागची बारीक वाकडी शेपटी पाहिली, मग बोंड धरलेलं पाहिलं, आणि मग ते बोंड नुसत्या वाऱ्याच्या धक्क्याने फुटून बिया उडालेल्या पाहिल्या. कळलावीचं तर विचारू नका. पाकळ्या आधी हिरवट पिवळ्या, मग टोकाकडून केशरी, शेवटी पूर्ण लाल, आणि पानाच्या टोकाला वेलाने धरून चढायचा आकडा. काळ्या शाईत रंग येत नाहीत, पण तो आकडा मी मुद्दाम घेतला आहे.

कर्जत स्टेशनबाहेर पावसाळ्यात ठाकर मावश्या रानभाज्या घेऊन बसतात. आम्ही चौमासात पालेभाजी घेत नाही हे त्यांना आता माहीत आहे, तरी गप्पा होतात. एकीला माझी वही दाखवली. कुर्डूचं चित्र पाहून म्हणाल्या, "ह्याची तर भाजी करत्यात, कवळी असताना. तू फूल आल्यावर कशाला गेलीस?" कवल्याचीही भाजी होते. कळलावीवर बोट ठेवून मात्र गंभीर झाल्या. तिचा कंद विषारी, हात लावू नकोस म्हणाल्या. मी म्हटलं मावशी, मी कशालाच हात लावलेला नाही.

भाद्रपदात आपलं पर्युषण आणि इथल्या लोकांचे गौरी-गणपती बहुतेक एकत्रच येतात. आपली संवत्सरी भाद्रपद सुद चौथची, त्यांचे गणपती चतुर्थीचे. त्यानंतर दोन-चार दिवसांत तेरड्याची रोपं मुळासकट उपटून गौर म्हणून वाजतगाजत घरात येतात. शेजारच्या काकूंकडे मी हळदीकुंकवाला जाते, तेव्हा त्या तेरड्याच्या मुळांना गौरीची पावलं म्हणतात. त्यांची श्रद्धा त्यांच्याकडे, आपली आपल्याकडे. सांगायचं इतकंच की पर्युषणाचे आठ दिवस मी हत्यारांना हात लावत नाही, आणि ते उघडेपर्यंत रस्त्याकडेचा तेरडा बराचसा गेलेला असतो. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात ते उगाच नाही. म्हणून रेखाटनं श्रावणातच उरकावी लागतात.

आता सामान. इथेच जास्त विचारपूस करावी लागली, आणि दुकानदारांना असले प्रश्न आवडत नाहीत.

लिनोलियम हे नाव ऐकून मला ते रबर किंवा प्लास्टिक वाटलं होतं. ते निघालं जवसाचं. फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजाने 1863 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. जवसाचं तेल हवेत मुरवून घट्ट करायचं, त्यात बुचाच्या झाडाच्या सालीचा भुसा आणि राळ मिसळायची, आणि ते तागाच्या कापडावर थापायचं. घराच्या जमिनीवर अंथरायला काढलेली ही वस्तू पुढे चित्रकारांनी उचलली. आपल्या देशात नंदलाल बोस यांनी 1930 मध्ये काठी घेऊन निघालेल्या गांधीजींचं जे काळंपांढरं चित्र केलं, ते लिनोकटच आहे. चित्तप्रसाद भट्टाचार्य तर आयुष्याची बरीच वर्षं मुंबईत अंधेरीला राहून लिनोकट करत होते. आमच्या सासूबाईंना या नावांशी कर्तव्य नाही. त्यांना जवस म्हटल्यावर बरं वाटलं. चटणी करतो ते जवस.

शाई. काळा रंग कशाचा आहे ते विचारून घ्या. काही काळे रंग हाडं जाळून करतात, नावातच 'बोन' किंवा 'आयव्हरी' असतं. काजळीचा काळा घ्यावा, डबीवर 'कार्बन' किंवा 'लॅम्प' लिहिलेलं असतं. आपले जुने लहियेही पोथ्यांची शाई तेलाच्या काजळीत बाभळीचा डिंक घोटूनच करायचे. मी जवसाच्या तेलातली शाई वापरली. ती पुसायला रॉकेल लागत नाही, चिंधीला थोडं गोडंतेल घेतलं की रोळ आणि काच दोन्ही निघतात, आणि मोरीत रंगाचं पाणी सोडावं लागत नाही.

कागद. परदेशी चांगल्या कागदांना पूर्वी जिलेटिनचा हात द्यायचे, अजूनही काहींना देतात. जिलेटिन म्हणजे हाडं-कातडं. आपल्या देशी हातकागदाला खळीचा हात देऊन दगडाने घोटायची पद्धत होती. पेशवाईच्या दप्तरात जुन्नरी कागद मोप आहे, आणि पुण्याच्या कसब्यात कागदीपुरा हे नाव त्या कारागिरांमुळेच पडलं. आता पुण्याला शिवाजीनगरात हातकागद संस्था आहे, 1940 पासूनची. सुती चिंध्यांचा कागद मिळतो. मुखपृष्ठासाठी जाड हातकागद घेतला. आतली पानं साधीच, जरा जाडसर. एका वहीला आठ ताव मध्ये दुमडून 16 पानं, म्हणजे 32 पृष्ठं. 51 वह्यांना 408 ताव. पाचशेच्या एका गठ्ठ्यात काम झालं आणि उरलं.

सगळ्यात मोठी अडचण चिकटवण्याची. बाइंडरकडचा सरस हाडाचा, तो बाद. मैद्याची खळ चालते, पण खळ म्हटली की कसर आणि झुरळं आली. त्यासाठी बाइंडर खळीत मोरचूद घालतात. जीव येऊ नये म्हणून विष कालवायचं, हे मनाला पटेना. बरं, मोरचूद न घालता खळ केली तर उरलेली दुसऱ्या दिवशी वासी, आणि आमच्याकडच्या दमट हवेत तिच्यावर बुरशी यायला रात्र पुरते. मग विचार केला, चिकटवायचंच कशाला? आपल्या पोथ्या कुठे चिकटवलेल्या असतात? सुटी पानं, वर-खाली पाटली, कापडी बंधन. शेकडो वर्षं टिकल्या आहेत. मुलांना सुटी पानं देऊन चालणार नाही, पण नुसती शिवलेली वही देता येते.

ती शिवण अशी. आठ ताव एकात एक दुमडायचे, बाहेरून मुखपृष्ठ. घडी दाबायला पुस्तक बांधणारे हाडाची पट्टी वापरतात, मी लाकडी चमच्याचा दांडा वापरला. घडीवर टोच्याने तीन भोकं, एक मध्ये, दोन टोकांकडे. दाभणात जाड सुती दोरा, वहीच्या उंचीच्या अडीचपट. दोऱ्याला मेण लावतात, तेही पोळ्याचं, ते सोडून दिलं. न लावताही चालतं, दोरा जरा सावकाश ओढायचा. आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्या भोकातून आत, मधलं भोक ओलांडून खालच्यातून बाहेर, आणि परत मधल्यातून आत. दोन्ही टोकं मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना येतील असं पाहून गाठ. थेंबभरही खळ लागत नाही. पहिल्या वहीला पंधरा मिनिटं गेली, विसावीनंतर पाचावर आले.

सासूबाईंनी इथे विचारलं, "सुई चालली का मग?" मी म्हटलं भोकं घडीत आहेत, फूल पुढच्या पानावर मधोमध आहे. त्यांनी वही उलटीसुलटी करून खात्री केली.

छपाई मात्र पावसात करू नका. आमच्याकडे आषाढ-श्रावणात पापड मऊ पडतात तिथे तेलाची शाई काय वाळणार? कागदालाही ओल धरते, आणि ओल धरली की बुरशी, ती पुन्हा अनंतकाय. मी दसऱ्यानंतर सुरू केलं. सकाळी टेबल पुंजणीने हलक्या हाताने पुंजून घ्यायचं, शाईत एखादा चिलटा बसला तर तो सुटत नाही, म्हणून खिडकीला जाळी हवी आणि काम दिवसाउजेडीच. दिव्याखाली केलं की किडे येणारच. काचेवर वाटाण्याएवढी शाई घेऊन रोळ फिरवायचा. शाई बरोबर झाली हे डोळ्यांपेक्षा कानाला आधी कळतं. जास्त असेल तर चिकट पचपच आवाज येतो, बेताची असेल तर रेशमी कापड फाटल्यासारखा बारीक सरसर. मग ठशावर रोळ, ठशावर कागद, आणि लाकडी डावाच्या पाठीने मधून कडेकडे गोल घासायचं. कागद एका कोपऱ्यातून उचलून डोकवायचं, फिकं राहिलं असेल तिथे परत घासायचं. छाप उलटी येते हे लक्षात असू द्या. कळलावीचा वेल उजवीकडे चढतो की डावीकडे याची कोणी परीक्षा घेणार नसलं तरी रेखाटन ठशावर उतरवतानाच ते उलटं करून घ्यावं.

दिवसाला दहा-बारा छापा झाल्या की खांदा बोलायला लागतो. ओल्या छापा मी कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमटे लावून टांगल्या. चार-पाच दिवस आमच्या मागच्या खोलीत तेरडा आणि कुर्डू लटकत होते आणि जवसाच्या तेलाचा वास. मुलगा म्हणाला, घरात कोणीतरी चटणी विसरलंय. वाळलेल्या वह्यांच्या पेटीत वेखंडाची पुरचुंडी ठेवली. ज्ञानभंडारात पोथ्यांमध्ये घोडावज ठेवतात, ते हेच. कसर येतच नाही, मग मारायचा प्रश्न राहत नाही.

पन्नास झाल्या. एक्कावन्नावीसाठी बरेच दिवस पाचवं फूल शोधत होते. खालापूरकडच्या भातखाचरात सीतेची आसवं दिसली, बारीक निळीजांभळी, फारच सुंदर. मग कळलं की ते झाड मुळाशी असलेल्या चिमुकल्या पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून पचवतं. एकेंद्रिय जीव त्रसाला खातो! कर्माची काय काय रूपं. केवलज्ञानाच्या वहीवर ते घालायचं मला धाडस झालं नाही. शिवाय चौथा ठसा संपेपर्यंत दिवाळी चार दिवसांवर आली होती. ती वही मी कोरीच ठेवली. तोच कागद, तीच शिवण, वर काही नाही.

ज्ञानपंचमीला पाटावर ज्ञान मांडलं. पोथी, ठवणी, सापडा, नवकारवाळी, पेन-पेन्सिली आणि बाजूला 51 वह्यांची चळत. वासक्षेप झाला, काउसग्ग झाला, आणि मुलांना वह्या वाटल्या. मुलांनी फुलं ओळखायचा खेळ सुरू केला. तेरडा सगळ्यांना येत होता, कवला एकालाही नाही. कळलावीच्या दोन वह्यांवरून भांडण झालं, ते सोडवायला चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. एका मुलीने विचारलं, फुलाला पण ज्ञान असतं का? पाठशाळेच्या बहेनने तिला छान सांगितलं, की निगोदाच्या जीवालासुद्धा अक्षराचा अनंतावा भाग उघडा असतो, तेवढाही झाकला गेला तर तो जीव राहणार नाही, जड होईल. मुलीने वहीवरच्या तेरड्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं असं मला वाटलं. मला वाटलं असेल, ती कदाचित खाऊची वाट पाहत असेल.

कोरी वही कोणी उचलली नाही. ती सासूबाईंनी मागून घेतली. "हिच्यासाठी काही कापलं नाहीस ना?" एवढंच विचारलं. त्यांच्याकडे सज्झाय आणि स्तवनांची हाताने उतरवलेली एक जुनी वही आहे, लग्नात आणलेली. तिची पानं आता घडीवर तुटायला आली आहेत. नवीन वहीत उतरवून काढा असं मी दोन वर्षं म्हणतेय, त्या ऐकत नव्हत्या. आता म्हणाल्या, रेघा मार, पण शाईच्या नको, डोळ्यांना टोचतात. आणि अंतर मोठं ठेव.

बिनशाईच्या रेघा कशा मारायच्या? मुनी पुण्यविजयजींनी जैन लेखनकलेवर लिहिलं आहे, त्यात ओळिया नावाच्या साधनाची माहिती आहे. पुठ्ठ्याच्या दोन कडांना सारख्या अंतरावर भोकं पाडून त्यातून दोरा ताणून ओवायचा. त्या दोऱ्यांवर कागद ठेवून बोटाने दाबत गेलं की कागदावर दोऱ्यांचे ठसे उमटतात, तीच ओळ. लहिये असंच करायचे. मी उरलेल्या सुती दोऱ्याचा तसा ओळिया केला, दोन दोऱ्यांत पाऊण इंच. शिवण सोडली, आठही ताव दाबले, परत शिवली. उजेड तिरपा पडला की रेघा दिसतात, समोरून पाहिलं तर पान कोरं. सासूबाई सकाळी खिडकीपाशी बसून लिहितात, कारण रेघा तिथेच दिसतात. रोज चार-पाच ओळी होतात. सूर्य वर आला की वही मिटून, बंधन बांधून कपाटात.

या वर्षीसाठी पेव्याचं फूल काढायचं मनात आहे. कोंढाण्याच्या ओढ्याला रस्त्यावरच्या मोरीपाशी उभं राहिलं तरी दिसतं. पांढरं, चुरगळलेल्या कागदासारखं, लाल बोंडातून बाहेर आलेलं. ठसा 14 वाल्यात घालायचा की 6 वाल्यात, ते बघू. ज्यांना सोबत यायचं असेल त्यांनी सांगा. छत्री आणि पेन्सिल आणावी, बाकी काही लागत नाही.